शिवेवरची काठवट

मला काठवट म्हणतात, मित्रांनो. तुमच्या घरी आता परात असेल, पितळेची नाहीतर पत्र्याची. तिच्या आधी मी होते. मी एका अख्ख्या ओंडक्यातून कोरलेली, पसरट आणि उथळ. माझ्यात भाकरीचं पीठ मळायचं आणि माझ्यातच भाकर थापायची, एवढंच माझं काम. ते मी साठ वर्षं केलं. त्या साठ वर्षांत कोणी मला गुळगुळीत म्हटलं, कोणी भाग्याची म्हटलं, एकदा तर अवदसाही म्हटलं. पण मी भित्री आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. लाकडानं चुलीपासून हातभर अंतरावर संसार करायचा म्हणजे उंदरानं मांजराच्या शेजारी बिऱ्हाड केल्यासारखंच. रोज सकाळी चूल पेटली की माझ्या अंगावर काटा येई. काटा आला तरी दिसत नाही, एवढाच काय तो लाकूड असण्याचा फायदा.

सातपुड्याच्या पायथ्याशी मी शिवणीचं झाड होते. सुतारानं मला पाडलं आणि वाकसानं, म्हणजे आडव्या पात्याच्या तासणीनं, माझं पोट कोरायला घेतलं, तेव्हा मला वाटलं, हा काही आता थांबत नाही, आरपार जातो. तो थांबला. दोन बोटं जाडी ठेवून थांबला. मग त्यानं मला जवसाचं तेल पाजलं, महिनाभर सावलीत वाळवलं, आणि पार्बताबाईच्या आईनं ज्वारी मोजून देऊन मला घरी नेलं. पार्बताबाई तेव्हा बारा वर्षांची नवरी होती. आंदणाच्या गाडीत मी तिच्या मांडीवर होते आणि आम्ही दोघीही थरथरत होतो. वाट खडकाळ आहे, असं समजून दोघींनी वेळ मारून नेली.

तिचं सासर मूर्तिजापूरच्या अलीकडे, अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीवाटेवर. घर साधं, कुडाचं. नवरा नत्थुजी, स्वभावानं शेळीसारखा गरीब. दोन बैल, थोडं वावर. पहिली वीस वर्षं मी फक्त घरची भाकर थापली, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. सुखाचे दिवस सांगता येत नाहीत, ते एकमेकांसारखेच असतात.

मग कापसाची तेजी आली. सात समुद्रांपल्याड कुठंशी लढाई पेटली होती म्हणे, आणि तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला होता. म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. जिथं ज्वारी डुलायची तिथं कापसाची पऱ्हाटी उभी राहिली. गाडीवाटेवर गाड्यांमागं गाड्या, दिवसभर चाकांची कुरकुर. ज्यांच्या अंगावर कालपर्यंत धड बंडी नव्हती, त्यांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या.

पण वाटेवरचा माणूस जेवणार कुठं? एका दुपारी एक गाडीवान आमच्या दाराशी आला आणि म्हणाला, "माय, पीठ हाय माह्यापाशी. चार भाकरी थापून देशीन काय?" पार्बताबाईनं थापून दिल्या. दुसऱ्या दिवशी तिघं आले. महिन्याभरात अंगणातल्या कडुनिंबाखाली पंगत बसू लागली. अन्न विकणं पाप, असं तेव्हा सगळे मानत. म्हणून तिचा नेम ठरला होता. पीठ तुमचं, लाकूडफाटा तुमचा, हात माझे. पाच भाकरी थापल्या की त्यातली एक हातांची. चून, म्हणजे आपलं घट्ट पिठलं, ठेचा आणि ताक तिच्याकडून. ज्यांना तिच्या हातचं चालत नसे ते पलीकडे आपले तीन दगड मांडत आणि तिच्या फोडणीचा वास मात्र फुकट घेत.

त्या दिवसांत मी गावोगावचं पीठ चाखलं, मित्रांनो. बडनेऱ्याकडचं पीठ चिकट, दर्यापुराकडचं गोडसर, कोणाचं किडकं, कोणाचं घाईत भरडलेलं. आणि प्रत्येक पिठाबरोबर त्याच्या गावच्या बातम्या येत. तेजीच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इंग्रजी अठराशे पासष्टच्या चैत्रात, सगळ्या बातम्या भीतीच्या होत्या. एक भीती भावाची: लढाई थांबतेय म्हणे, आता भाव कोसळणार, ज्याची गाडी आधी पोचेल तो तरला. म्हणून माणसं बैलांना आणि स्वतःला विसावा न देता पळत होती. दुसरी भीती पटकीची. तिचं नावसुद्धा कोणी घेत नसे. पटकीची देवी ती मरीमाय, पण तसं म्हणायलाही जीभ रेटत नसे. नुसतं "बाई फिरून राहिली" म्हणत आणि इकडे-तिकडे बघत. नाल्यापलीकडच्या गावात तीन माणसं गेली होती.

अशात एका दुपारी सूर्यभान आला.

हिवरखेडचा, पंचविशीतला जवान. गाडीवर कापसाचे बोद, म्हणजे गच्च भरलेली मोठी पोती, रचलेले, बैलांच्या शिंगांवर चांदी, आणि त्याचं स्वतःचं तोंड मात्र सुकून शेंगेएवढं झालेलं. पंगतीत आधीच तिघं जेवत होते. त्यांच्यातला पंजाबराव म्हणजे जुनं गिऱ्हाईक, महिन्यातून चारदा येणारा, जिभेचा सैल.

"पाहा बापा," पंजाबराव म्हणाला, "बैलानं चांदी घातली अन् मालक फुटाने खाऊन राहिला."

सूर्यभान हसला नाही. त्यानं कनवटीचा रुपया काढून पार्बताबाईपुढं धरला. "माय, पीठ नाही माह्यापाशी. आमच्याकडं समदी पऱ्हाटीच पेरली. रुपया घे."

"रुपया तव्यावर फुगते काय?" पार्बताबाई म्हणाली. "ठेव तो. कधीपासून जेवला नाहीस?"

"परवापासून."

"काहून?"

"गाडी थांबवली असती तं मागचा पुढं गेला असता."

तिनं घरच्या मडक्यातलं पीठ काढलं, माझ्यात ओतलं, वरून उकळतं पाणी घातलं आणि मळायला बसली. त्या दिवशीच्या तिच्या थापेचा आवाज मला अजून आठवतो. भाकर माझ्यात गरगर फिरत मोठी होत होती आणि तो पोरगा तिच्याकडे असा बघत होता, की आपण इतकं बघण्यासारखं काही करतो आहोत याची मला लाजच वाटली.

तो जेवला. पळसाच्या पत्रावळीवर चून, कैरीचा तक्कू, हिरवा ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा. पहिली भाकर त्यानं चावली की नाही कोणास ठाऊक. दुसरीला त्याच्या डोळ्यांत ठेच्यानं पाणी आलं. तिसरीला तो म्हणाला, "माय, अमरावतीत मोठ्या पेठेत जेवलो, शिरा होता, पुरी होती. अशी चव नव्हती."

"भुकीची चव हाय ते," पार्बताबाई म्हणाली. पण तिनं पुढची भाकर जरा जास्तच हळुवार थापली. स्तुती ऐकून हात मऊ होतो, हे मला हातानंच सांगितलं.

पाच झाल्या. सहावी अर्धी झाली. वर तो तांब्याभर ताक घटाघटा प्याला, उठला, उन्हात चार पावलं गेला आणि कडुनिंबाच्या बुंध्याला धरून ओकायला लागला.

एक उलटी झाली. दुसरी झाली. मग तो खालीच बसला आणि त्याचे हातपाय कापू लागले.

पंगतीतला घास तोंडाशी थांबला. पंजाबराव, जो जेवताना क्षणभर गप्प बसत नसे, तो हात न धुताच उठला. भराभर बैल जुंपले गेले. आपलं पीठ, आपली थैली, कोणी काही मागं ठेवलं नाही. पत्रावळींवर भाकरी अर्ध्या तशाच, आणि वाटेवर नुसती धूळ.

"पार्बते," नत्थुजी दारातून म्हणाला, "बाईच हाय."

"बाई नाही नि बुवा नाही. दोन दिवस उपाशी, चैताचं ऊन, वर सहा भाकरी. तुमी त्याले आत घ्या."

नत्थुजीचा पाय उचलेना. तिनं एकटीनं त्या धिप्पाड पोराला काखेत धरून दारापुढच्या मांडवात आणलं.

गावाला कळायला वेळ लागला नाही. गाडीवान पळाले ते गावातूनच पळाले. पार्बताबाई विहिरीवरून पाणी आणायला गेली तेवढ्यात अंगणात माणसं जमली, अंगणाच्या कडेकडेनं, आत कोणी नाही. सगळ्यांपुढं खुशालराव पाटील. हा माणूस दुष्ट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते. मागच्या वर्षी पटकीनं त्याचे दोन मुलगे नेले होते. तेव्हापासून कोणी खाकरलं तरी त्याचा चेहरा पांढरा पडे. त्याच्याबरोबर गावचा भगत होता.

आमच्याकडं तेव्हा चाल होती, मित्रांनो. मरीमाय गावात आली असं वाटलं की तिचा छोटासा लाकडी गाडा करायचा, त्यात शेंदराचा दगड, हिरव्या बांगड्या, लिंबू आणि दहीभात ठेवायचा, आणि वाजत-गाजत तिला शिवेपर्यंत पोचवून यायचं. परतताना मागं वळून बघायचं नाही. शिवेपलीकडं पुढचं गाव असतं, हे सगळ्यांना माहीत असे. त्याबद्दल कोणी बोलत नसे.

"नत्थुजी, त्या मानसाले शिवेबाहेर टाक," पाटील म्हणाला.

"तो मरंल, पाटील."

"अन् आमी?"

तेव्हा भगत पुढं झाला. "माणूस नको नेऊ. ज्याच्यात त्याचा घास मळला ते दे. बाई घासासंगच येते. गाड्यावर ते ठेवू, त्याच्यासंग बाई जाईन."

"तवा नेता?"

"लोखंड आगीत शुद्ध होते. मातीचं भांडं फोडून टाकता येते. लाकूड पेते, नत्थुजी. जे मळलं ते आत बसते. काठवट दे."

नत्थुजीनं विहिरीच्या वाटेकडं एकदा पाहिलं. मग तो आत आला, मला उचललं आणि बाहेर नेऊन दिलं.

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. सगळ्यात वाईट हे, की मला भगताचं पटलं. मी पिते, हे खरंच आहे. तेल पिते, पाणी पिते, हळद लागली तर आठवडाभर पिवळी राहते. मग त्या पोराचं मरण माझ्या पोटात नसेल कशावरून? मी स्वतःलाच घाबरले. आजपर्यंत चुलीला घाबरले होते, वाळवीला घाबरले होते. पण स्वतःपासून लांब कुठं पळायचं?

माझ्यात दहीभात घातला. डफ वाजू लागला. गाड्यावर मी मावेना, म्हणून नत्थुजीनंच मला डोक्यावर घेतलं. सगळा वेळ तो पुटपुटत होता. लोकांना वाटलं देवीचं नाव घेतो. तो मला म्हणत होता, "तिले सांगू नको. तिले सांगू नको."

शिवेवर नाला आहे आणि नाल्याच्या काठाला शिवेचा दगड आणि हिवराचं काटेरी झाड. तिथं पोचलो आणि डफ एकदम थांबला.

पलीकडून दुसरा डफ वाजत येत होता.

नाल्यापलीकडचं गाव आपला गाडा घेऊन आलं होतं. त्यांचाही शेंदूर, त्यांच्याही हिरव्या बांगड्या, त्यांचंही लिंबू. दोन्ही गावं आपापली बाई दुसऱ्याच्या हद्दीत सोडायला एकाच दुपारी निघाली होती.

"मागं न्या तुमची बाई!" आमच्याकडून कोणीतरी ओरडलं.

"तुमचीच न्या! आमच्याकडं काय कमी हाय काय?"

"तुमच्याकडूनच आली ते!"

"आमच्याकडं तुमच्या गाडीवानानं आनली!"

दगड उचलले गेले. पाटील "थांबा, थांबा" म्हणत होता, पण त्याच्याही हातात दगड होता. तेवढ्यात नाल्याच्या रेतीतून वावटळ उठली. चैत्रात रोजच उठते. धुळीचा खांब गरगरत दोन्ही गाड्यांच्या मधून गेला आणि कोणीतरी किंचाळलं, "बाई उठली!" मग मात्र दोन्ही गावं जी पळाली! मागं वळून बघायचं नाही हा नियम त्या दिवशी अगदी मनापासून पाळला गेला.

मी शिवेच्या दगडापाशी पडले होते. समोर चार हातांवर दुसऱ्या गावचा गाडा, आणि त्यात दुसरी काठवट होती. आंब्याच्या लाकडाची, माझ्याहून लहान. तिच्या काठाला वाळलेलं पीठ चिकटलेलं होतं. जिनं ते शेवटचं मळलं होतं तिला काठवट धुवायला सवड मिळाली नव्हती. आम्ही दोघी बोलू शकत नाही. पण तिच्याकडं बघताना मला एवढं कळलं, की तिच्या घरी खरंच कोणी गेलं आहे. कावळे आले, दहीभात खाऊन गेले. उन्हाचा कवडसा हिवराच्या फांद्यांतून सरकत माझ्यावर आला. टक् असा बारीक आवाज झाला. मी एका काठाला तडकले होते.

ऊन कलायला लागलं तेव्हा वाटेवर पार्बताबाई दिसली. पदर खोचलेला, चाल तरातरा. वीस पावलं मागं नत्थुजी.

"मागं फिर वं. पाटील वाळीत टाकंल."

"टाकू द्या. तसंबी पंगत उठलीच हाय. आपल्या हातानं देल्ली न तुमी?"

"ते मनत होते, नाहीतं त्या पोराले शिवेबाहेर टाक."

ती थांबली. पाठमोरीच म्हणाली, "मंग मले सांगाचं होतं."

"तुले सांगतलं असतं तं तू देऊ देल्ली असती काय?"

"नाही."

"मंग?"

ती पुढं आली आणि शिवेच्या दगडापाशी तिचेही पाय थबकले. तिला भीती वाटत नव्हती असं कोणी सांगितलं तर खोटं समजा. मी तिच्या हाताची सवयीची. तो हात पुढं येत होता आणि मागं जात होता. पण तिला एक गोष्ट कळत होती. मी जोवर इथं पडलेली आहे तोवर मरीमाय पार्बताबाईच्या पंगतीतून निघाली, असंच गाव म्हणणार. मग तिच्या दारात कोणी कधीच जेवणार नव्हतं.

"तुमी उचलून राहिल्या काय, बाई?"

आवाज हिवरामागून आला. एक तरुण बाई तिथं बसून होती, सगळे पळाल्यापासूनच बसलेली असावी. डोळे सुजलेले.

"माही हाय ते," पार्बताबाई म्हणाली. "तू कोन?"

"शकुन. ते दुसरी आमची. माह्या सासूची."

"सासू कुठं हाय?"

"परवा गेल्या."

पार्बताबाईनं पदर तोंडाला लावला आणि एक पाऊल मागं सरली. शकुननं ते पाहिलं. तिला सवय झाली असावी. मग हळूच म्हणाली, "तुमी उचलली तं मीबी उचलीन. एकटीनं होत नाही."

शिवेच्या दगडाच्या दोन बाजूंना दोन बाया वाकल्या. कोण आधी उचलते याची दोघी वाट बघत होत्या. शेवटी दोघींनी एकदमच उचललं.

गावाच्या तोंडाशी पाटील उभा होता. त्यानं वाट अडवली नाही. लांबूनच म्हणाला, "पार्बताबाई, मी दुष्टावा करून नाही राहिलो. पन सांगून ठेवतो. तुह्या पंगतीत आता कोनी बसनार नाही."

"बसलं तं?"

"बसलं तं मी गप."

सूर्यभान वाचला. त्याला ऊन लागलं होतं आणि उपाशी पोटात एकदम भाकरी गेल्या होत्या, एवढंच. दोन दिवस तो आंबील पीत मांडवात पडला आणि दर तासाला म्हणत राहिला, "गाडी जुंपून द्या, भाव पडून राहिला असंल."

"भाव पडला तं पडू दे. तू पडू नको."

निघताना तो ओशाळून म्हणाला, "माय, ते सहावी भाकर नडली."

"सहावी तं तू अर्धी टाकली. पाचवीच नडली."

तो गेला. त्याच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज मूर्तिजापूरकडं विरला आणि मग अंगणात काहीच आवाज उरला नाही. पार्बताबाईनं मला उकळत्या पाण्यानं आणि राखेनं तीनदा घासलं, दिवसभर वाळवलं, तेल पाजलं. गाड्या जात होत्या. आमच्या दारासमोर आल्या की गाडीवान मान दुसरीकडं वळवत आणि बैलांना चाबूक लावत. एक दिवस गेला. दुसरा गेला. तिसरा. नत्थुजी आणि पार्बताबाई दोघंच समोरासमोर बसून जेवत आणि पंगतीची जागा तिनं रोजच्यासारखी सारवलेली असे.

चौथ्या दुपारी शकुन आली. नाला ओलांडून, दीड कोस उन्हातून, पदरात पीठ बांधून.

"तुमच्याकडं पीठ आनून जेवता येते मनतात," ती अंगणाबाहेरूनच म्हणाली.

"येते."

"आमच्याकडं माह्या हातचं कोनी खाऊन नाही राहिलं. अन् मले कोनी वाढूनबी नाही राहिलं. सात दिवस झाले, बाई, मी चुलीपाशी उभ्यानं खाऊन राहिली. मले पंगतीत जेवाचं हाय. आज एकडाव."

पार्बताबाई तिच्याकडं बघतच राहिली. आणि मित्रांनो, मी तुम्हांला खरं सांगते. सूर्यभानच्या वेळी तिला मनातून माहीत होतं की ते ऊन आहे. शिवेवर आली तेव्हाही तिला ते माहीत होतं. पण ही बाई खरोखरच्या मरणाच्या घरातून आली होती. हे पीठ त्या घरातल्या जात्यावर दळलेलं होतं. आता नत्थुजीसारखीच तिची बोबडी वळली.

"बस," ती कशीबशी म्हणाली.

शकुन कडुनिंबाखाली बसली. पीठ माझ्यात पडलं. पांढरंशुभ्र, बारीक, नीट दळलेलं पीठ. पण ते अंगाला लागताच मी शहारले. पार्बताबाईनं वरून उकळतं पाणी ओतलं आणि हात पुढं केला. हात माझ्यावर येऊन तसाच थांबला. वाफ वर येत होती, आणि वाफेत तो हात थरथरत होता. आंदणाच्या गाडीत जसा थरथरत होता तसाच. मला वाटलं, ही आता उठणार. उठली असती तर मी तिला दोष दिला नसता. मी स्वतःही उठून पळाले असते, पाय असते तर.

नत्थुजी दारात होता. त्यानं पत्रावळ घेतली, अंगणात गेला आणि शकुनपुढं मांडली. मग पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. तांब्यातलं पाणी डचमळलं, पण तो ठेवूनच परत आला.

पार्बताबाईनं पीठ मळायला घेतलं.

थरथरत्या हातानं भाकर नीट होत नाही. पहिली वेडीवाकडी झाली, एका बाजूनं जाड. शकुननं ती पुढ्यात घेतली, चुनाबरोबर एक घास खाल्ला आणि मान खाली घालून कितीतरी वेळ चावत राहिली. रडत होती की ठेचा लागला होता, ते विचारायचं कोणाला सुचलं नाही.

तेवढ्यात वाटेवर गाडी थांबली. पंजाबराव होता, अकोल्याहून रिकामा परतत होता. त्याला थांबायचं नव्हतं; बैलच सवयीनं थांबले होते. त्यानं चाबूक उचलला आणि पंगतीकडं बघत तसाच बसून राहिला.

"ते बाई कोन, माय?"

"पाहुनी हाय," पार्बताबाई म्हणाली. "नाल्यापलीकडची."

तिनं लपवलं नाही. नाल्यापलीकडचं गाव म्हणजे काय, हे पंजाबरावाला चांगलं ठाऊक होतं. तव्यावर दुसरी भाकर टम्म फुगली आणि तिचा वास वाटेपर्यंत गेला.

पंजाबराव खाली उतरला. पिठाची थैली आणून त्यानं चुलीपाशी ठेवली आणि शकुनपासून चार हात लांब बसला. अगदी अंगणाच्या कडेला, पळायला सोपं जाईल असा. पण बसला.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी भाकरी थापल्या. तेजी गेली, चांदीच्या शेंब्या विकल्या गेल्या, आगगाडी आली, गाडीवाट ओस पडली. पार्बताबाईही गेली. आता मी तिच्या नातवाच्या घरी कांदे ठेवायच्या कामाला आहे. तडा वाढतो आहे. मला अधूनमधून तेल द्या, उन्हात टाकू नका, आणि कधीतरी एकदा तरी माझ्यात पीठ मळा. एवढं केलं तर मी अजून टिकेन.

आणि भिण्याची लाज बाळगू नका, मित्रांनो. मी जन्मभर भीतच आले, पार्बताबाईही भ्याली, भीतभीतच तिनं ती भाकर थापली. फक्त आपली भीती डोक्यावर घेऊन दुसऱ्याच्या शिवेवर ठेवायला जाऊ नका. तिथंही कोणाची तरी चूल असते.